भिंतीपलीकडचं गिऱ्हाईक

माझे मिस्टर गेले तेव्हा घरात एकटेच होते, आणि ते गेल्याचं कळायला तिसरा दिवस उजाडला की चौथा, हे नक्की कुणालाच सांगता आलं नाही. मी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होते. मे महिना होता. ते फोन उचलत नाहीत याचं मला सुरुवातीला काही वाटलं नाही. फोन बंद करून पडून राहायची त्यांना सवय होती, रिटायर झाल्यापासून तर जास्तच. शेवटी मी शेजारणीला फोन केला. आमच्या दाराची एक किल्ली तिच्याकडे असायची. तिनं दार उघडून पाहिलं, मला परत फोन केला आणि एवढंच म्हणाली, "वहिनी, गाडी करून या. एकट्या येऊ नका."

नवीन पनवेलमधली आमची सोसायटी जुनी, तीन मजल्यांची. आमच्या मजल्यावर दोनच घरं, एकमेकांना चिकटून. आमची बेडरूम आणि तिची बेडरूम यांच्यामध्ये एकच भिंत. मुलं लहान असल्यापासून आम्ही तशा राहिलो. ती माझ्याहून थोडी लहान, साताऱ्याकडची. मी तिला ताई म्हणायचे, ती मला वहिनी म्हणायची आणि मिस्टरांना भाऊजी. तिचा नवरा लवकर गेला. मग तिनं घरबसल्या लोकांना भाडेकरू बघून द्यायचं काम सुरू केलं आणि हळूहळू खरेदी-विक्रीतही पडली. जिन्याखाली तिचा छोटा बोर्ड होता. विमानतळाचं काम निघालं, जागांचे भाव चढले, तशी तिच्याकडे माणसांची वर्दळ वाढली.

त्या दिवशी मी पोचेपर्यंत पोलीस येऊन गेले होते आणि मिस्टरांना नेलेलं होतं. खोली धुवायला कुणी तयार नव्हतं. बिल्डिंगची झाडूवाली दुप्पट पैसे देऊ केले तरी नाही म्हणाली. ते काम ताईनं केलं. नाकाला व्हिक्स चोळून, पदर खोचून, सोडा आणि फिनेल टाकून तिनं ती खोली पुन्हा पुन्हा धुतली. गादी, चादरी, पायपुसणं सगळं स्वतः खाली नेऊन टाकलं. मी आत गेले तेव्हा सगळ्या घराला फिनेलचा वास येत होता आणि गॅसवर माझ्यासाठी चहा ठेवलेला होता. मी तिच्या गळ्यात पडून रडले. भाऊजी पलंगावरच, झोपेतच गेले, त्यांना कळलंसुद्धा नसेल, असं तिनं मला सांगितलं. मी त्यावर विश्वास ठेवला आणि त्याच विश्वासावर पुढचं वर्ष काढलं.

हे आधी सांगून टाकते, कारण ती बाई मुळातच वाईट होती असं म्हणून मला मोकळं होता येत नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर घर विकायचं ठरवलं. त्या खोलीत मला झोप लागत नव्हती. मी हॉलमध्ये दिवाणावर झोपायचे आणि बेडरूमचं दार लावून ठेवायचे. कपाट मात्र आतच होतं, म्हणून रोज सकाळी आत जायचं, साडी काढायची आणि बाहेर यायचं. पलंगाच्या पायथ्याशी मोझॅकच्या फरशीवर एक जागा इतर फरशीहून फिकट झाली होती. ती सोड्यानं झाली असं मी स्वतःला सांगत असे आणि पाय तिथं पडू देत नसे. लेक म्हणाली, घर वीक आणि आमच्या जवळ पुण्यात छोटं काही तरी घे.

घर ताईकडेच द्यायचं हे इतकं उघड होतं की दुसऱ्या एजंटचा विचारही मनात आला नाही. दलाली अर्धीच घेईन, असं तीच म्हणाली. आमच्या सेक्टरला काय भाव चाललाय तेही तिनंच सांगितलं, आणि आपण त्याच्यावर थोडं चढवून सांगू म्हणजे उतरायला जागा राहील, असं शहाणपण शिकवलं.

गिऱ्हाइकं येऊ लागली. ती स्वतः घेऊन यायची. हॉलमध्ये वारा कसा येतो, पाणी दोन्ही वेळ कसं असतं, स्टेशन किती जवळ, बाजार किती जवळ, हे सगळं ती अशा हौसेनं सांगायची की मलाच माझं घर नव्यानं आवडायला लागलं होतं. बेडरूमपाशी आली की मात्र ती उंबऱ्याबाहेर थांबायची आणि म्हणायची, "बघा तुम्ही." माणसं आत जाऊन यायची. बाहेर येताना त्यांचे चेहरे चांगले असायचे. मग ती त्यांना खाली सोडायला जायची आणि त्यांचा पुन्हा फोन यायचा नाही. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण दर वेळी ती वर येऊन म्हणायची, "भाव जरा जास्त होतोय वहिनी," आणि दर वेळी मी थोडा कमी करायचे.

एकदा कामोठ्याहून एक जोडपं आलं होतं, लहान मुलीला घेऊन. दोघंही शिक्षक. घर त्यांना फार आवडलं. मुलीचा अभ्यास कुठं, देव कुठं, हेसुद्धा बाईनं ठरवून टाकलं. ती सगळी खाली गेली आणि थोड्या वेळानं बाई एकटीच धापा टाकत वर आली. मुलीची पाण्याची बाटली राहिली होती. बाटली हातात घेऊन ती बेडरूमच्या बंद दाराकडे बघत उभी राहिली.

"काकू, ते याच खोलीत ना?" तिनं विचारलं. "चार दिवस?"

ती सॉरी म्हणाली, आणि जिना उतरताना तिनं पिशवीतून सॅनिटायझर काढून बाटलीला फासलेला मी वरून पाहिला.

मी तशीच ताईच्या घरात गेले. ती गवार निवडत बसली होती. मी विचारल्यावर तिनं काही नाकारलं नाही. हो, मी सांगते, म्हणाली. उद्या त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर शिव्या मला बसणार. माझा हा धंदा आहे, तुम्ही घर विकून जाल, मला इथंच तोंड दाखवायचंय. यात खोटं काहीच नव्हतं. मग एवढंच विचारलं की सांगायचंच तर घर दाखवायच्या आधी का नाही सांगत, माझ्या घरात हिंडवून आणून मग कशाला?

"आधी सांगितलं तर येणारच नाहीत," ती म्हणाली. शेंगांच्या शिरा काढणं चालूच होतं. "वहिनी, भाव उतरवा. बाजारभावाचं घर राहिलं नाही हे."

मी घरी येऊन रोडपालीतल्या एका एजंटला फोन लावला. त्याचा नंबर मला भाजीवालीनं दिला होता.

हा माणूस तिकडच्याच गावातला, चाळिशीच्या आतला. दारातच चपला काढायचा आणि खिशातून स्वच्छ मोजे काढून घालायचा, लोकांच्या फरशीला पायांचे ठसे उठू नयेत म्हणून. त्याला मी सगळं सांगितलं. त्यानं तोंडातली बडीशेप चावून संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि मग घरभर फिरला. आधी हार घातलेला फोटो काढायला सांगितला. मग पलंग विकायला, बेडरूममध्ये नवीन टाइल्स आणि पांढरा रंग.

"आमी सांगणार नाय, तुमी पण सांगू नका," तो म्हणाला. "आनि गिराईक आलं की तुमी घरात नाय थांबायचं. मालकीण रडवेली दिसली की पाच लाख गेलेच समजा."

मी फोटो उतरवून कपाटात साड्यांमध्ये ठेवला. पलंग भंगारवाल्याला दिला. त्या पलंगाला इतर कुणी हात लावला नसता. कारागीर आले आणि त्या फिकट जागेवर गुळगुळीत टाइल्स बसल्या. गिऱ्हाईक येणार असलं की मी वडाळे तलावावर जाऊन बसायचे. तिथं सकाळी फिरायला येणारी माणसं, मुलांना घेऊन आलेल्या आया. एजंटचा फोन आला की घरी परतायचं. स्वतःच्या घरातून अशी उठून जाताना मला फार लाज वाटायची. आपणच त्या घरातलं काही तरी घाणेरडं आहोत आणि पाहुणे आले की आपल्याला मागच्या दारानं बाहेर काढतात, असं वाटायचं.

ताईला कळलंच. जिन्यात भेटली तेव्हा ती नेहमीसारखीच बोलली. फक्त म्हणाली, "टाइल्स छान बसल्यात. आवाज येत होता ठोकाठोकीचा."

एका रविवारी रोडपालीच्या एजंटनं सांगितलं की पार्टी पक्की वाटते आणि त्यांना मालकिणीला भेटायचंच आहे. जुन्या पनवेलमधलं कोकणी मुसलमान कुटुंब होतं, मूळचं उरणकडचं. नवरा कतारला नोकरीला, सुट्टीवर आलेला. बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई सध्या थोरल्या भावाच्या घरात दाटीवाटीनं राहत होती. मी त्यांच्यासमोर बसले आणि मला ते लपवणं जमेना. एजंटनं डोळे मोठे केले तरी मी सगळं सांगून टाकलं, टाइल्सखाली काय आहे तेही.

बायकोनं विचारलं, आजार काय होता? मी म्हटलं, हृदयाचा असावा. ती म्हणाली, "म्हणजे पाणी द्यायलासुद्धा कुणी नव्हतं." वर्षभरात कुणी मिस्टरांबद्दल असं बोललं नव्हतं. सगळे खोलीबद्दल बोलत. मला रडू आलं, आणि एजंटनं खिडकीबाहेर बघितलं.

पण ती माणसं काही दयाळूपणानं घर घ्यायला आली नव्हती. नवऱ्यानं लगेच हिशोब मांडला. आम्हाला भीती नाही काकू, म्हणाला, पण उद्या आम्ही विकायला काढलं तर पुढच्याला असेल, म्हणून तेवढं आत्ताच कमी करा. मला त्याचा राग आला नाही. तो तोंडावर सांगून भाव पाडत होता. घासाघीस झाली, चहा झाला, आणि ताईनं पहिल्या दिवशी सांगितलेल्या भावाच्या बऱ्यापैकी जवळ आम्ही येऊन थांबलो. त्यानं टोकन दिलं. कर्ज काढायचं नव्हतं. सोसायटीची एनओसी आली की झालं.

एनओसीसाठी सेक्रेटरीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. मलाही बोलावलं होतं. आधी सगळे चांगलंच बोलले. माणसं सज्जन आहेत, घराणं चांगलं आहे, आमचा कुणाच्या धर्माला विरोध नाही. मग कुणी तरी वासाचं काढलं. आमच्या जिन्यात दर रविवारी ताईच्याच घरातून सुरमईचा वास यायचा, ते मी बोलून दाखवणार होते, तेवढ्यात ताई उठली. ती माझ्याकडे बघूनच बोलली.

"वहिनींची अडचण माझ्याइतकी इथं कुणाला माहीत नाही," ती म्हणाली. "पण राहायचं आपल्याला आहे. त्यांना नाही."

मीटिंग तिथंच संपली, आणि एनओसीचं पत्र तयार झालं नाही. नाकारलंही नाही. सेक्रेटरी म्हणायचे, बघू, पुढच्या मीटिंगला. रोडपालीचा एजंट म्हणाला, कायद्यानं ते अडवू शकत नाहीत, आपण वकील लावू. मी तयार होते. पण तो कतारवाला माणूसच एकटा येऊन भेटला. दारातच उभा राहिला.

"काकू, भांडून घेतलेल्या घरात बायको-मुलांना ठेवून मी तिकडं कसा जाऊ?" तो म्हणाला.

मी त्याचं टोकन परत केलं. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ताई माझ्याकडे आली. हातात झाकलेली वाटी होती, पुरणाची. बसली, टाइल्सकडे पाहिलं, रंगाकडे पाहिलं. मग सरळ विषयावर आली. घर तिलाच हवं होतं. तिचा मुलगा सून-नातवंडांना घेऊन तळोज्याकडे भाड्यानं राहत होता, कारण सून म्हणत होती की सासूच्या एवढ्याशा घरात मी राहणार नाही. मधली भिंत पाडली की दोन्ही घरांचं एक होईल आणि मुलगा घरी येईल. हे ती लपवून बोलली नाही. मुलगा घरी यावा म्हणून ती माझ्या दारातून गिऱ्हाइकं परत पाठवत होती, आणि ते सांगताना तिला माझ्याकडून समजुतीची अपेक्षा होती. एक आई दुसऱ्या आईशी बोलत होती.

तिनं भाव सांगितला. कतारवाल्यानं कबूल केलेल्या रकमेपेक्षा तो इतका खाली होता की मला आधी वाटलं ती अर्धीच रक्कम बोलली आणि उरलेली पुढे सांगणार आहे. मी म्हटलं, ताई, या पैशात मला पुण्यात एक खोलीसुद्धा येणार नाही. ती म्हणाली, लेकीकडे राहा, कशाला वेगळं हवं. मी म्हटलं, बाजारभावाचं काय? नव्या टाइल्सचं काय? मी हे बोलत असताना ती मान खाली घालून वाटीवरचं झाकण सारखं करत होती.

"वहिनी, ती फरशी मी पुसलीय," ती म्हणाली. "त्या खोलीची काय किंमत आहे ते मला माहिताय."

तिला वाटलं असेल की अजून थोडं लागेल. म्हणून ती पुढं बोलली, आणि अगदी हळू आवाजात, जसं आजारी माणसाशी बोलतात.

"तुम्हाला सांगितलं नव्हतं. भाऊजी पलंगावर नव्हते. खाली पडून दारापर्यंत सरपटत आले होते. दाराला आतून ओरखडे होते, ते मी पॉलिशनं घालवले. हे मी अजून एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही."

ते खरं होतं की मला मोडायला सांगितलेलं होतं, हे मला आजही माहीत नाही. चौकशी करून खात्री करता आली असती. मी केली नाही. खरं निघालं असतं तर काय करायचं, आणि खोटं निघालं असतं तर ते तरी कुठं ठेवायचं? तिनं ते बोलायच्या आधी मी त्या खोलीत झोपू शकत नव्हते. बोलल्यानंतर मला त्या घरात दाराकडे पाठ करून बसता येईना.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, बरं ताई, तुमच्याच मुलाला देऊ. तिनं माझे हात धरले. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. टोकनचे पैसे ती लगेच आणून देणार होती, पण मी घेतले नाहीत. आपल्यात टोकन कशाला, म्हटलं. मुलाचं कर्ज मंजूर होऊ दे, मग थेट रजिस्ट्रेशनलाच जाऊ.

सकाळी रोडपालीच्या एजंटला बोलावलं. काहीही न विचारता आणि सोसायटीला न घाबरता घर घेणारा कुणी आहे का, असं विचारलं. एक ठेकेदार हाय, तो म्हणाला. पुलांची, रस्त्यांची कामं घेतो, ठिकठिकाणी फ्लॅट घेऊन एकावर एक लोखंडी खाटा टाकतो आणि कामगार ठेवतो. पण तो भाव देत नाय. मी आकडा विचारला. ताई देत होती त्याहूनही थोडा कमीच होता.

"काकू, मंग शेजारनीलाच द्या ना," एजंट म्हणाला. "चार पैसे जास्त मिळतायत."

मी म्हटलं, ठेकेदाराला बोलाव.

पुढचे काही आठवडे मी जे वागले ते शांत डोक्यानं वागले. ताईचा मुलगा आणि सून घर बघायला आले, मी त्यांना पोहे केले. ताईनं मिस्त्री आणला. त्यानं बेडरूमच्या भिंतीवर टकटक करून बीम कुठून जातो ते पाहिलं आणि खडूनं दाराची चौकट आखली. ती चौकट मी पुसली नाही. सुनेनं पडद्यांचं माप घेतलं. नातू माझ्या हॉलमध्ये पळत होता आणि ताई त्याला सांगत होती, ही आता तुझी खोली. मी ऐकत होते. मला एकदाही सांगून टाकावंसं वाटलं नाही. एका दुपारी सून कपाट कुठं ठेवायचं यावरून नवऱ्याशी प्रेमानं भांडत होती आणि ताई त्या दोघांकडे बघत होती. इतक्या वर्षांत मी तिला एवढी आनंदात पाहिली नव्हती. मी आणखी एक चहा टाकला.

ठेकेदाराचा व्यवहार चटकन झाला. एनओसीची मला काळजी होती, ती फुकटच. ठेकेदार सेक्रेटरीकडे एकदा जाऊन आला, बरोबर गावातली ओळखीची दोन माणसं होती. मीटिंग झाली नाही. वास, शेजार, बायका-मुलं, कशाचाही विषय निघाला नाही. पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं, आणि सेक्रेटरीनं ताईला ते सांगितलंही नाही. हे बघून मला त्या कतारवाल्याची आठवण झाली.

ताब्याच्या दिवशी माझं सामान टेम्पोत भरून झालं होतं. ताईला मी सांगितलं होतं की मी लेकीकडे सामान हलवतेय, तेव्हा ती सकाळपासून मदतीला होती. भांडी तिनंच वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मग ठेकेदार वर आला. त्याच्या मागून दोन माणसं लोखंडी खाटांचे पाय आणि पत्रे घेऊन आली. मी त्याच्या हातात किल्ल्या दिल्या. ताईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खाटांकडे, मग माझ्याकडे. मी वाट बघत होते की ती ओरडेल, मला काही तरी बोलेल. माझ्याकडे उत्तरं तयार होती, रात्ररात्र जागून केलेली.

"कितीला दिलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"नुकसान झालं तुमचं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

तिच्या हातात माझा एक स्टीलचा डबा होता, अर्धा गुंडाळलेला. तो तिनं पूर्ण गुंडाळला, मला दिला आणि आपल्या घरात जाऊन दार लावलं.

लेकीला आकडा कळला तेव्हा ती कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आई, तुला व्यवहार कळत नाही, म्हणाली. जावई तर म्हणाले की त्या शेजारणीला दिलं असतं तरी परवडलं असतं. त्या पैशात पुण्यात काही येणं शक्य नव्हतं आणि लेकीच्या घरात कायमचं राहणं मला नको होतं. मी पनवेलला परत आले आणि कामोठ्यात भाड्यानं राहू लागले. बाई एकटी, वय झालेलं, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार, असं म्हणून दोन-तीन घरमालकांनी नकार दिला. रोडपालीच्या एजंटनं शेवटी एक जागा मिळवून दिली आणि दलाली पूर्ण घेतली.

ताईच्या मुलानं पुढं तळोज्यातच कर्ज काढून घर घेतलं. हे एजंटकडूनच कळलं. तिच्या शेजारी आता पंधरा-वीस माणसं राहतात, दोन पाळ्यांत. जिन्यात बुटांचा ढीग असतो. मोरी तुंबते. मोहरीच्या तेलाचा ठसका असतो. सोसायटी तक्रारी करते आणि ठेकेदार ऐकून घेतो. ताईनं आपलं घर विकायला काढलंय, पण गिऱ्हाईक जिन्यापर्यंत येतं आणि बूट बघून परत जातं, असं एजंट हसत सांगत होता. मी विचारलं, भाव किती सांगते? त्यानं सांगितला. मी म्हटलं, अजून उतरेल.

मागच्या महिन्यात ती मला बाजारात भेटली. तोंड चुकवायला जागा नव्हती. तिनं चौकशी केली, नातीचं विचारलं. बारीक झाली होती. मुलगा येतो का, असं मी मुद्दाम विचारलं. गणपतीला येऊन गेला, म्हणाली, जागा नाही ना राहायला. मग स्वतःहून त्या कामगारांचं सांगायला लागली. वैताग आहे, रात्री-बेरात्री दार वाजतं, रेडिओ चालू असतो. पण त्यातला एक जण कामावर जाताना रोज दार ठोकून, मावशी ठीक आहे ना, असं विचारून जातो.

मला तिचा इतका राग आला की हातातली पिशवी जड वाटायला लागली. माझ्या खोलीचं दार आठवडाभर उघडलं नाही तरी कामोठ्यात कुणाला कळणार नाही, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती सहज बोलली असेल. तरी मला वाटलं की हे तिनं मोजूनमापून सांगितलं.

मी रिक्षाला हात केला आणि मागं न बघता बसले. लेकीनं रात्री नेहमीसारखा फोन केला. ती बोलता बोलता बाबांचं काढते, अलीकडे जास्तच. बाबांना त्रास झाला नाही, झोपेत गेले, हे एक बरं झालं, असं म्हणते. मी हो म्हणते आणि नात जेवली का ते विचारते.